चावायची गोळी

बांगड्या भरून झाल्या, बतूलबीनं हात सोडला, आणि भानुमतीचा हात मात्र तसाच राहिला. अंगठा तळहातात मुडपलेला, चारी बोटं एकमेकींना चिकटून पुढं ताठ, मनगट खाली वळलेलं. बांगडी भरून घेताना बाई हाताचा जसा आकार करते अगदी तसाच. त्यामुळं कुणाच्या काही लक्षात आलं नाही. उलट बतूलबी खूश झाली. गुलमंडीवरचं आपलं दुकान सुनेवर टाकून ती सकाळीच टोपली घेऊन लग्नाच्या कार्यालयात येऊन बसली होती आणि मुलीकडच्या बायकांचे हात दाबून, चोळून, एकदोघींच्या डोळ्यांत पाणी काढून हिरवा चुडा चढवत होती. ‘‘देखो, इसकू बोलते हाथ,’’ ती बाकीच्यांना म्हणाली, ‘‘कित्ता नरम! मैं दाबी भी नै, खुदीच मुड गया. माँ का हाथ ऐसा, तो बेटी का तो मक्खन रहना.’’ बायका हसल्या. भानुमतीही हसली. हसताना वरचा ओठ एका बाजूला ओढला गेल्यासारखा वाटला म्हणून तिनं हसणं आवरतं घेतलं, आणि उजवा हात पदराखाली नेऊन डाव्या हातानं त्याचा अंगठा हळूच बाहेर ओढू लागली. अंगठा येईना. दुसऱ्याच कुणाचा तरी हात आपल्या पदराखाली येऊन बसला आहे आणि आपण त्याची समजूत काढतो आहोत, असं तिला वाटलं.

हे काय आहे ते तिला पक्कं माहीत होतं. माहीत नसतं तर तिनं सरळ आरडाओरडा केला असता. बायका धावल्या असत्या, कुणी तेल आणलं असतं, कुणी मीठमोहऱ्या ओवाळल्या असत्या. माहीत असल्यामुळं गप्प बसणं आलं. पौषात पुण्याला तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं होतं. औरंगाबादेत डॉक्टर नव्हते असं नाही, पण इथं दवाखान्याच्या बाकावर टेकलं की संध्याकाळच्या आत गावभर बातमी, आणि घरात लग्नाची मुलगी, म्हणून पुणं. भावाच्या घरी आजारपण आहे, मदतीला जाते, असं सांगून ती गेली आणि गळ्याला आडवी चीर घेऊन परत आली. निघताना डॉक्टरांनी दोघा नवराबायकोंना समोर बसवून नीट समजावलं होतं. गळ्यातली ती ग्रंथी गाठीसकट सगळी काढली. तिच्या पाठीला मुगाच्या डाळीएवढे चार दाणे चिकटलेले असतात. आहेत हे कुणाला ठाऊकही नसतं, पण रक्तातलं कॅल्शियम तेच सांभाळतात. गाठ पसरलेली होती, तिच्याबरोबर तेही गेले. आता त्यांचं काम गोळ्यांनी करायचं, रोज, जन्मभर. ओठांभोवती, बोटांत मुंग्या आल्या तर वाट बघायची नाही, गोळ्या चावायच्या. हात वळला तर दवाखाना गाठायचा. ‘‘हाताचं विशेष नाही,’’ डॉक्टर म्हणाले होते, ‘‘पण तीच गोष्ट घशात झाली तर श्वास अडतो.’’ मग दोघं दारापर्यंत गेल्यावर त्यांनी परत हाक मारली. मुलगी आहे ना तुम्हाला? ही गाठ बरी नव्हती. हिची जात अशी की ती घराण्यात चालते. मुलीचा गळा तपासून घ्या. लवकर घ्या. श्रीनिवासराव मान डोलावत म्हणाले, ‘‘बघू.’’

श्रीनिवासरावांचं हे ‘बघू’ भानुमतीनं पंचवीस वर्षं ऐकलं होतं. त्यात नकार नसे, होकारही नसे. एखादी वस्तू माळ्यावर टाकावी तसं ते त्या गोष्टीवर ‘बघू’ टाकून खाली उतरत. माणूस वाईट नव्हता. तिच्या उशाशी पुण्यात ते पाण्याचा तांब्या घेऊन बसून राहिले होते, तिची वेणी घालायचासुद्धा प्रयत्न केला होता. पण त्यांच्या घराला गप्प बसण्याचं वळण होतं. सासरे निजामाच्या कचेरीत कारकून, उर्दू अक्षर मोत्यासारखं. रझाकारांच्या धामधुमीत शेजारपाजारची माणसं काहीबाही बोलली आणि पस्तावली, सासऱ्यांनी मात्र तोंड उघडलं नाही. ‘‘आपलं घर वाचलं ते जिभेमुळं,’’ असं ते पुढं म्हातारपणी जेवता जेवता सांगत, आणि पानावरची सगळी माणसं मुकाट घास गिळत. पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, कचेरीतली उर्दू गेली, पण ते गप्प बसणं काही गेलं नाही. श्रीनिवासराव पाटबंधाऱ्याच्या कचेरीत लागले तिथंही त्यांचं त्यावरच निभावलं. भानुमती करमाडकडच्या खेड्यातली, बोलघेवडी; पहिली काही वर्षं तिचा जीव गुदमरला, मग तीही शिकली. माणूस सगळं शिकतं. आपल्या आईच्या गळ्याचा विषय तिनं कधी सासरी काढला नाही.

आईचा गळा. लिंबाएवढी गाठ होती, पुढं पेरूएवढी झाली. आई दोन्ही खांद्यांवरून पदर लपेटून घ्यायची, उन्हाळ्यातही. हळदीकुंकवाला गेली की कोपरा धरायची. बोलताना तिच्या घशातून बारीक शिट्टीसारखा आवाज यायचा आणि आळीतली पोरं त्याची नक्कल करायची. भानुमतीनंही एकदा केली होती, आणि आईनं ऐकलं होतं, आणि काही म्हटलं नव्हतं. पोलीस ॲक्शनच्या साली गाव घाबरून शिवारात पळालं तेव्हा भानुमती नऊदहा वर्षांची. भरदिवसा, ज्वारीतून, वडील पुढं. आईला पळवेना. ती बांधावर बसली, एक हात गळ्याशी धरून, आणि शिट्टी वाजत होती. ‘‘तू पळ,’’ ती म्हणाली, ‘‘मी आलेच.’’ भानुमती पळाली. मागं वळून बघितलं तर ज्वारीच्या ताटांमधून आईचं नुसतं डोकं दिसत होतं आणि तोंड उघडं होतं. त्या दिवशी काही झालं नाही, संध्याकाळी सगळी घरी आली, आई पुढं चार वर्षं जगली. पण ‘मी आलेच’ हे तिचं बोलणं भानुमतीला नंतर कधीही, भाजी चिरताना, रिक्षात बसताना, कारण नसताना ऐकू येई. आता पदराखाली हात वळलेला असताना ते परत ऐकू आलं आणि तिनं मान झटकली. बतूलबीनं टोपली आवरली, नेगाचे, मानाचे पैसे घेतले, नवरीच्या चुड्याला दुवा दिली आणि गेली. खोलीत मुलीकडच्या पेट्या, वळकट्या, फुलांच्या पुड्या आणि रुखवताची ताटं एकत्र कोंबलेली. वर पंखा फिरत होता तो वैशाखातली गरम हवा इकडची तिकडं करायला. हळूहळू अंगठा सैल झाला. बोटं उघडली. जणू काही घडलंच नव्हतं. फक्त टोकांना मुंग्या राहिल्या, आणि ओठांना.

गोळ्या त्याच खोलीत होत्या. तिच्या पेटीत, तळाला, जुन्या साडीत गुंडाळलेल्या. दोन प्रकारच्या: एक बारीक, पहाटे पाण्याबरोबर गिळायची, तिचा काही उपद्रव नव्हता. आणि दुसरी ही कॅल्शियमची, पांढरी, बटणाएवढी जाड, चावून खायची, दिवसातून चार वेळा. चव खडूची. लहानपणी ती पाटीवरची पेन्सिल खायची तेव्हा आईनं बोटं फोडली होती. आता त्याच पेन्सिली जन्मभर खा म्हणून डॉक्टर सांगतो, याचं तिला पहिल्यांदा हसू आलं होतं. मग हसू गेलं. ही गोळी चोरून खाता येत नाही. कडकड वाजते, ओठांच्या कोपऱ्यांत पांढरं राहतं, दातांना चिकटते. ती न्हाणीघरात नळ सोडून खायची, गच्चीवर वाळवणाच्या मागं बसून खायची, देवघरात पाठमोरी बसून, जपाची माळ हातात धरून खायची. हेमा विचारायची, ‘‘आई, तोंडात काय गं?’’ ‘‘सुपारी.’’ हेमा, तिची एकुलती एक लेक, जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं, ती आईकडं क्षणभर बघायची आणि आपल्या कामाला लागायची. त्या बघण्यात काय होतं ते भानुमतीनं कधी शोधलं नाही. शोधायची तिला भीतीच वाटायची. डॉक्टरांनी मुलीचा गळा बघा म्हटल्यापासून तिनं मुलीच्या गळ्याकडं बघणंच टाकलं होतं. हेमा पाणी प्यायला लागली की ही दुसरीकडं नजर वळवायची. वेणी घालताना हात मानेच्या पुढं जाऊ द्यायची नाही.

फाल्गुनात जालन्याहून माणसं बघायला आली. मुलाची आई लक्ष्मीबाई, ठेंगणी, तरतरीत, बोलण्यात गोडवा असलेली पण नजरेनं जिन्नस पारखून घेणारी बाई. चहा झाला, पोहे झाले, मुलीचं अक्षर बघून झालं, आणि मग त्यांनी अगदी सहज, वाटीतला शेवटचा पोहा वेचत विचारलं होतं, ‘‘तुमच्याकडं कुणाला काही आजारपण वगैरे? म्हंजे पुढं बोलायला नको म्हणून इचारायले हो, राग मानू नका.’’ भानुमती समोरच बसली होती. गळ्यात तीन पिढ्या डब्यात पडून राहिलेली ठुशी, चिरेवर बरोब्बर बसलेली. वरून दोन्ही खांद्यांवर पदर. आईसारखाच. श्रीनिवासराव म्हणाले, ‘‘देवाच्या दयेनं काही नाही.’’ लक्ष्मीबाई तिच्याकडं बघून म्हणाल्या, ‘‘ठुशी फार सुरेख हाये हो तुमची.’’ भानुमतीनं पदर आणखी पुढं ओढून घेतला. नंतर रात्री तिनं नवऱ्याला विचारलं होतं, ‘‘अहो, आणि हेमाचं? डॉक्टर म्हणाले होते ते?’’ श्रीनिवासराव कूस वळवून म्हणाले, ‘‘लग्न होऊन जाऊ दे. मग बघू. काही निघालं तर निघालं, नसलं तर उगीच कशाला मुलीच्या नावाला बट्टा?’’ तिला ते पटलं. खरं सांगायचं तर तिला ते पटायलाच हवं होतं. न बघितलेली गाठ नसते, असं मनाला एकदा समजावलं की मन गरिबासारखं ऐकतं.

पण शरीर ऐकत नव्हतं. घर पाहुण्यांनी भरलं तसं गोळ्या खायला कोपरा उरला नाही. चारच्या तीन झाल्या, तीनच्या दोन. यमुनावन्सं, म्हणजे श्रीनिवासरावांची थोरली विधवा बहीण, आठ दिवसांपासून मुक्कामाला. तिचं सोवळंओवळं कडक आणि नजर त्याहून कडक. आणि आज तर देवक बसलं. मुलीच्या आईबापांना उपास, देवकाचं सगळं उरकेपर्यंत अन्नाचा कण नाही. भानुमतीनं आदल्या दिवशी, जणू कुणा दुसरीसाठी विचारल्यासारखं, वन्संना विचारून घेतलं होतं, ‘‘वन्सं, उपासाला औषधाची गोळी चालती का हो?’’ ‘‘गिळायची चालती,’’ वन्सं निवडलेले तांदूळ घोळत म्हणाल्या, ‘‘चावायची कशी चालंल? चावलं म्हंजे खाल्लंच की. मग दाणेगूळपण औषध म्हणून खा!’’ दोघी हसल्या होत्या. भानुमतीला कायदा मिळाला. देवकाच्या दिवशी आईनं उपास मोडला तर त्याचं उट्टं मुलीच्या अंगावर निघतं, हे कुणी तिला शिकवलं नव्हतं. ते तिला हातापायांसारखं जन्मापासूनच माहीत होतं. पहाटे तिनं बारीक गोळी घोटभर पाण्यानं गिळली आणि पांढऱ्या गोळ्यांची बाटली परत साडीत गुंडाळली. हेमासाठी एक दिवस. एका दिवसानं काय होतंय? मुंग्या येतील, जातील. डॉक्टरांना काय ठाऊक देवक कशाशी खातात!

दुपार कलल्यावर जालन्याची मंडळी उष्टी हळद घेऊन आली. खोलीतल्या वळकट्या बाजूला सारून पाट मांडला, भोवती रांगोळी काढली, हेमाला जुनी पिवळी साडी नेसवून बसवलं. हसरी मुलगी, पण आज तिचं हसणं जरा ओढल्यासारखं वाटत होतं. लग्नघरात नवरीचं हसणं कोण तपासतं? सवाष्णी आंब्याच्या पानांनी हळद लावू लागल्या, पायांना, गुडघ्यांना, खांद्यांना, गालांना. भानुमती मागं उभी होती. मुंग्या आता मनगटापर्यंत चढल्या होत्या, तोंडाभोवतीची कातडी बधिर झाली होती. आपण बोललो तर शब्द वाकडे येतील असं वाटून ती कुणी काही विचारलं की नुसती मान हलवत होती, आणि बायका म्हणत होत्या, लेक जाणार म्हणून गळा दाटून आलाय बाईचा. ‘‘आता आईनं लावा,’’ कुणी म्हणालं. ती पुढं झाली, वाकली, पायांना लावली, हातांना लावली, गालांना लावली. उठणार तोच लक्ष्मीबाई म्हणाल्या, ‘‘अहो विहीणबाई, गळा कोराच ऱ्हायला की! गळ्याला लावा. मंगळसूत्राची जागा ती.’’

नाही म्हणायला काही कारणच नव्हतं. तिनं वाटीत बोटं बुडवली. हेमानं मान वर केली. त्या कोवळ्या, लांब, पिवळ्या होत चाललेल्या गळ्यावर तिनं पाच महिन्यांत पहिल्यांदा नजर टाकली आणि बोटं टेकवली. कुणी तरी काही थट्टा केली, हेमा हसली आणि तिनं आवंढा गिळला. बोटांखाली काही तरी वर सरकलं आणि खाली आलं. डाव्या बाजूला. भुईमुगाच्या दाण्याएवढं. की नाही? की ते आपल्याच बोटांतलं काही होतं? जाड गोधडीतून चाचपावं तशी बोटं झालेली, त्यांना हळद गार लागत नव्हती की कातडी गरम लागत नव्हती. तिनं परत दाबून बघितलं. काहीच कळेना. ‘‘गीळ,’’ ती पुटपुटली. ‘‘काय?’’ हेमा म्हणाली. तेवढ्यात तिचा हात तिथंच, मुलीच्या गळ्यावर, वळला. अंगठा आत गेला, बोटं ताठली, आणि नखं कातडीत रुतली. हेमा ‘आई!’ म्हणून दचकली. डावा हातही वळला, वाटी पडली, हळद सतरंजीवर सांडली. ‘‘अगं बाई, उपासानं चक्कर आली,’’ यमुनावन्सं म्हणाल्या. ‘‘पाणी आणा, पाणी!’’ भानुमतीला म्हणायचं होतं, काही नाही, आलेच. तोंड उघडलं, आत हवा ओढली, आणि तिच्या घशातून बारीक शिट्टी वाजली. तिनं ती ओळखली. इतक्या वर्षांनी ऐकूनही चटकन ओळखली.

खोलीला लागून सामान ठेवायची एक अंधारी खोली होती, पाट मांडताना पेट्या तिकडं सारल्या होत्या. कुणी मागं येऊ नये म्हणून मान हलवत ती तिकडं गेली, खांद्यानं दार लोटलं, पाठीनं टेकून धरलं. वळलेल्या हातांनी कडी लागेना. पेटीचं झाकण तिनं मनगटांनी उचललं, साडी दातांनी सोडवली, बाटली दोन मनगटांत धरून झाकण दातांनी फिरवलं. गोळ्या जमिनीवर पसरल्या. आता मरायला झालंय म्हणून ती ते करत होती असं नव्हे. मरणाचं भय होतं, पण ते कुठं तरी बाजूला उभं होतं. तिला बोटं परत हवी होती. जे लागलं ते खरं की खोटं, एवढं एकच तिला कळायला हवं होतं, आणि या मेलेल्या बोटांना ते कधीच कळणार नव्हतं. देवकाचा उपास, हळद, वन्सं, जालन्याची माणसं, सगळं त्यापुढं पालापाचोळा झालं. मुलीचं काही वाईट होऊ नये म्हणून तिनं उपास धरला होता आणि त्या उपासानंच तिला मुलीचा गळा कळू दिला नाही, याचा तिला असा संताप आला की तिनं गुडघ्यांवर वाकून, जनावरासारखं तोंडानंच, जमिनीवरची एक गोळी उचलली आणि चावली. मग दुसरी. मग आणखी दोन. खडू टाळूला चिकटला, घशात भुकटी अडकली, ती खोकली. शिट्टी वाजत राहिली. पोत्याला टेकून ती बसली, आणि हळूहळू, मोजूनमापून श्वास घेत राहिली.

बाहेर सनई लावली होती कुणी तरी, रेडिओच्या दुकानातल्या कर्ण्यावर. मधेच वन्संनी दाराबाहेरूनच हाक मारली, ‘‘भानू, काय करायलीस गं आत? गुरुजी इचारायलेत.’’ ‘‘आले,’’ ती म्हणाली, आणि शब्द बरा आला. किती वेळ गेला कळलं नाही. पहिल्यांदा ओठ तिचे झाले. मग करंगळी. मग अंगठा आपला आपण बाहेर आला, आणि तिनं तो बाकीच्या बोटांवरून एकेकदा फिरवला. वाळलेली हळद खरखरीत लागली. पोत्याची सुतळी बोचली. फरशी गार होती. एवढ्या साध्या गोष्टी परत मिळाल्या तर आनंद व्हायला हवा होता. तिला नुसती भीती वाटली, कारण आता बोटांवर काही ढकलता येणार नव्हतं. तिनं दार किलकिलं करून हाक मारली, ‘‘हेमा, इकडं ये. एकटी ये. आणि पाण्याचा पेला आण.’’

हेमा आली, हळदीनं माखलेली, चुडा वाजवत. जमिनीवरच्या गोळ्या तिनं बघितल्या आणि त्याबद्दल काही विचारलं नाही. ‘‘बस,’’ भानुमती म्हणाली. ‘‘मान वर कर. घोट घे, आणि मी सांगते तेव्हा गीळ.’’ तिनं दोन्ही हातांची बोटं मुलीच्या गळ्याच्या दोन्ही बाजूंना ठेवली. नाडी लागली. ऊब लागली. आपल्या नखांचे ओरखडेसुद्धा लागले. ‘‘गीळ.’’ हेमा गिळेना. तोंडातलं पाणी तसंच धरून ती आईकडं बघत राहिली, तेच बघणं, सुपारी म्हटल्यावरचं. मग तिनं पाणी बाजूच्या बादलीत टाकून दिलं आणि आईची दोन्ही मनगटं हळूच धरली.

‘‘नको बघूस, आई. आहे ती. मला माहितीये.’’

‘‘कधीपासून?’’

‘‘दिवाळीपासून. तू पुण्याला गेलीस त्याच्या आधीपासून. तू परत आलीस तेव्हा तुझी चीर बघितली मी, तू झोपली होतीस. या गोळ्यापण माहितीयेत मला.’’ तिचा आवाज साधा होता, भाजी काय करू विचारावी तसा. ‘‘तुला आधीच एवढं झालेलं. म्हणून मी बाबांना सांगितलं.’’

‘‘बाबांना?’’

‘‘पौषातच. त्यांनी हात लावून बघितलं. म्हणाले, लग्न होऊन जाऊ दे, मग बघू. आईला बोलू नको म्हणाले, तिला झेपायचं नाही.’’ हेमा थांबली. ‘‘आई, झालंच आता. उद्याचा दिवस. मग तिकडं गेल्यावर मी सांगते त्यांना.’’

‘‘तिकडं गेल्यावर कुणाला सांगशील तू?’’ भानुमती म्हणाली. एवढा वेळ स्वतःला धरून ठेवलेली मुलगी आईच्या खांद्यावर तोंड लपवून आवाज न करता रडू लागली. तिच्या घराण्यासारखीच, आवाज न करता. भानुमतीनं तिला थोपटलं. पौषापासून वैशाखापर्यंत एका छपराखाली तीन माणसं एकमेकांना पानात वाढत होती, आणि तिघांनाही आपापलं ठाऊक होतं, आणि तिघंही घास गिळत होती. पत्रिका छापल्या, शालू आणला, मांडव घातला, आणि रोज तो दाणा त्या गळ्यात बसून होता. श्रीनिवासरावांचा तिला राग यायला हवा होता; आला तो स्वतःचाच, कारण ती त्यांच्याहून वेगळी काही वागली नव्हती. त्यांनी बघून ‘बघू’ म्हटलं, तिनं बघायचंच टाळलं.

दारावर थाप पडली. श्रीनिवासरावांचा आवाज, घाईतला, मायेचा, ‘‘अगं, ठीक आहे ना? लोक खोळंबलेत. हेमाला पाठव बाहेर.’’ ती उठली. पदर खांद्यावरून घसरला होता, तो तिनं एकाच खांद्यावर घेतला. गळ्यातली ठुशी काढून मुठीत धरली. हेमानं तिचा हात ओढला, ‘‘आई, नको ना. मोडेल गं सगळं. आई!’’ मोडेल हे भानुमतीलाही दिसत होतं. आज संध्याकाळच्या आत मोडेल, गुलमंडीला कळेल, जालन्याला कळेल, वन्सं कपाळ बडवून घेतील, आणि ही मुलगी कदाचित तिचं तोंड जन्मभर बघणार नाही. पुण्याची गाडी सकाळी असते. ती रात्रीही असते.

तिनं दार उघडलं. समोर श्रीनिवासराव उभे होते, नवं उपरणं, कपाळाला कुंकू. तिच्या गळ्याकडं त्यांची नजर गेली आणि मग मागं बसलेल्या मुलीकडं, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. ‘‘भानू,’’ ते अगदी हळू म्हणाले, ‘‘आत्ता नको. उद्या बघू.’’ तिनं त्यांना हातानं बाजूला केलं, जोर न लावता. पलीकडं सतरंजीवरची सांडलेली हळद लक्ष्मीबाई पदर खोचून वाटीत गोळा करत होत्या, वाया जाऊ नये म्हणून.

‘‘विहीणबाई,’’ भानुमती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, ‘‘जरा आत या. तुम्ही फाल्गुनात एक विचारलं होतं, त्याचं उत्तर द्यायचं राहिलंय.’’

लक्ष्मीबाईंनी मान वर करून तिचा उघडा गळा बघितला, वाटी खाली ठेवली, आणि पिवळे हात तसेच पुढं धरून त्या उठल्या.